बर्फाला कान लावताना

हिमनदी समुद्रात उतरते तिथे आपल्याला दिसतो तो तिचा निळसर, भेगाळलेला कडा. तो कोसळतानाची दृश्ये आपण अनेकदा पाहिलेली असतात. पण त्या कोसळण्याची तयारी पाण्याखाली कितीतरी आधी सुरू झालेली असते. खारे, किंचित उबदार पाणी बर्फाच्या भिंतीला भिडते, तिला खालून पोखरत जाते, आणि आधार सुटला की वरचा भाग समुद्रात ढासळतो. ही पोखरण आकाशातून दिसत नाही. उपग्रहांना कड्याची जागा कळते, बर्फाची उंची कळते. २००२ साली सोडलेल्या ‘ग्रेस’ उपग्रहजोडीपासून हिमचादरींचे वजन किती घटले हेही कळू लागले. परंतु प्रकाश आणि रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात थोड्याच अंतरात विरून जातात. बोट घेऊन जवळ जावे, तर कडा कधी अंगावर येईल याचा नेम नाही. ध्रुवीय बर्फाचे भवितव्य ज्या जागी ठरते, तीच जागा नजरेच्या सर्वांत पलीकडची आहे.

आवाज मात्र तिथून बाहेर येतो. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक; आणि कमी वारंवारतेचा असला तर हजारो किलोमीटर टिकतो. बर्फ तडकतो, घासतो, कोसळतो, वितळतो, आणि यातल्या प्रत्येक क्रियेचा आवाज निराळा असतो. पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडून हे आवाज टिपायचे, ओळखायचे आणि त्यांवरून बर्फाचे काय होते आहे ते सांगायचे, अशी एक विद्याशाखा गेल्या काही दशकांत उभी राहिली आहे. हे पुस्तक तिच्याविषयी आहे. या आवाजांचे नवल वाटणे स्वाभाविकच आहे, मलाही वाटते. पण या शाखेचे खरे मोल नवलाच्या पुढच्या टप्प्यावर आहे: ऐकण्याचे मोजण्यात रूपांतर करण्याच्या खटाटोपात. तो खटाटोप अजून पुरा झालेला नाही, आणि म्हणूनच त्याची ओळख आता करून द्यावी असे मला वाटते.

सुरुवातीला थोडे पदार्थविज्ञान समजून घ्यावे लागेल, कारण त्याशिवाय पुढचे काहीच उलगडणार नाही. पाण्यातला आवाजाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. पाणी एका अंशाने गरम झाले की तो सेकंदाला चार मीटरहून थोडा अधिक वाढतो. दाबामुळेही वाढतो, शंभर मीटर खोलीमागे पावणेदोन मीटरच्या आसपास. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत वरचे पाणी गरम असल्याने तिथे वेग जास्त असतो. खाली जावे तसे पाणी थंड होते आणि वेग घटतो. आणखी खाली दाबाचा जोर चढतो आणि वेग पुन्हा वाढू लागतो. मध्ये कुठेतरी, बहुतेक ठिकाणी हजार मीटरच्या आसपास, सर्वांत कमी वेगाचा थर असतो. आवाजाची वाट नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळते. त्यामुळे या थरात शिरलेला आवाज वर किंवा खाली निसटू पाहतो तोच परत वळवला जातो, आणि ना पृष्ठभागावर आपटता, ना तळावर, दूरवर जात राहतो. अमेरिकेत मॉरिस यूइंग आणि जे. लमार वर्झेल यांनी १९४४ मध्ये प्रयोग करून हा थर दाखवला. सोव्हिएत रशियात लिओनिद ब्रेखोव्स्किख त्याच निष्कर्षावर स्वतंत्रपणे पोचले.

आता ध्रुवाकडे चला. तिथे वरचे पाणीच सर्वांत थंड असते, म्हणून हा कमी वेगाचा थर वर वर येत थेट पृष्ठभागाला लागतो. बर्फही तिथेच तडकतो, तिथेच घासतो. म्हणजे अंटार्क्टिकाजवळच्या हिमनगाने केलेला आवाज आपसूक या थरात पडतो, आणि उत्तरेकडे येता येता थराबरोबरच खोल उतरत विषुववृत्तापर्यंत पोचू शकतो. आर्क्टिकमध्ये आवाज सतत वर वळतो आणि बर्फाच्या खालच्या अंगावर पुन्हा पुन्हा आपटतो. ते अंग खडबडीत असल्यामुळे उंच पट्टीचे आवाज तिथे विखरून संपतात, खालच्या पट्टीचे तग धरतात. कोणता आवाज किती दुरून ऐकू येईल याचे गणित यातूनच सुरू होते.

बर्फ आणि पाण्यातला आवाज यांची पहिली गाठ भीतीपोटी पडली. एप्रिल १९१२ मध्ये हिमनगाला धडकून टायटॅनिक बुडाले. त्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिल १९१४ मध्ये, कॅनडात जन्मलेले संशोधक रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी ‘मायामी’ या अमेरिकन गस्ती जहाजावरून न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स भागात आपले ध्वनियंत्र पाण्यात सोडले आणि सुमारे तीन किलोमीटरवरच्या हिमनगाकडून परत आलेला प्रतिध्वनी पकडला. आवाज सोडायचा आणि उत्तराची वाट पाहायची, ही एक पद्धत. दुसरी पद्धत आपण काहीही न बोलता ऐकत राहण्याची. या विषयात दोन्ही लागतात.

पहिल्या पद्धतीने दिलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट शीतयुद्धातून आली, आणि ती हवी तितकी सांगितली जात नाही. ३ ऑगस्ट १९५८ रोजी ‘नॉटिलस’ ही अणुपाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. डोक्यावर बर्फ किती खोल उतरला आहे हे कळल्याशिवाय असा प्रवास अशक्य होता, म्हणून पाणबुड्यांवर वरच्या दिशेने पाहणारे सोनार बसवलेले असत. हेतू लष्करी होता. नोंदी मात्र बर्फाच्या जाडीच्या झाल्या. पुढे ड्र्यू रॉथरॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ ते १९७६ या काळातल्या नोंदी १९९३ ते १९९७ मधल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याखाली असणाऱ्या बर्फाची सरासरी खोली ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आलेली होती. आर्क्टिकचा बर्फ नुसताच आक्रसत नाही, पातळही होतो आहे, हे १९९९ मध्ये असे आवाजाने सांगितले. उपग्रहांना तेव्हा बर्फाचा विस्तार मोजता येत होता, साऱ्या आर्क्टिकभरची जाडी मोजणे अजून साधलेले नव्हते.

आता दुसरी पद्धत, नुसते ऐकण्याची. समुद्राचे पाणीच गोठून झालेला बर्फ थंडीचा कडाका वाढला की तडकतो. वरचा थर आकुंचन पावतो, खालचा तितका पावत नाही, ताण वाढतो आणि भेग पडते. हवा उबदार झाली की हे तडकणे थांबते. याउलट, बर्फाने पूर्ण झाकलेल्या समुद्रात वारा आणि तापमान दोन्ही स्थिर असले तर पाण्याखाली इतकी शांतता असते की तशी मोकळ्या समुद्रात क्वचितच सापडते. लाटा नाहीत, फुटणारा फेस नाही, जहाजे नाहीत. बर्फ मागे हटला की हे सगळे तिथे येते. म्हणून आर्क्टिकमधला शांततेचा काळ किती आखडला, हीसुद्धा बर्फाची एक नोंदच आहे.

हिमनगांचे आवाज फार मोठे असतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने प्रशांत महासागरात ठेवलेल्या हायड्रोफोनांनी एक प्रचंड आवाज टिपला. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या यंत्रांवर तो उमटला होता. ‘ब्लूप’ हे नाव त्याला पडले, आणि कोणा अज्ञात महाकाय प्राण्याच्या कहाण्या जगभर पसरल्या. पुढे याच संस्थेने अंटार्क्टिकाच्या जवळ जाऊन ऐकायला सुरुवात केली, तेव्हा तसेच आवाज तडकणाऱ्या बर्फातून येताना आढळले. प्राण्याची कहाणी अजूनही फिरते. मला वाईट वाटते ते यासाठी की खरे उत्तर तिच्याहून कितीतरी मोठे आहे: एका खंडाच्या कडेचा बर्फ मोडतो आणि अर्ध्या महासागरापलीकडे ते ऐकू येते.

मार्च २००० मध्ये रॉस समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्ट्यापासून ‘बी-१५’ हा हिमनग सुटला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर होते. त्या वर्षी फ्रेंच पॉलिनेशियातल्या भूकंपमापकांवर विचित्र, लांबत जाणारे, सुरेल वाटावेत असे कंप उमटू लागले. जाक तालांदिए, ऑलिव्हिए हिव्हरनो आणि एमिल ओकाल यांनी त्यांचा माग रॉस समुद्रातल्या हिमनगांपर्यंत नेला. नंतर डग्लस मॅकआयल आणि सहकाऱ्यांनी थेट हिमनगावरच भूकंपमापक नेऊन बसवले, तेव्हा या सुराचे मूळ कळले. दोन हिमनगांच्या कडा एकमेकींना घासतात तेव्हा त्या सलग सरकत नाहीत. अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. असे हजारो छोटे झटके ठरावीक अंतराने बसत गेले की ते मिळून एक स्वर होतो. झटक्यांमधले अंतर बदलले की स्वर चढतो किंवा उतरतो. शास्त्रज्ञ त्याला हिमनगाचे गाणे म्हणतात. त्या गाण्यातून घर्षणाचा वेग काढता येतो, हे मला त्याच्या सुरेलपणापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

२००७ मध्ये ‘ए-५३ए’ हा पन्नास किलोमीटरहून लांब हिमनग अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाशी आला. रॉबर्ट झिआक आणि सहकाऱ्यांचे हायड्रोफोन त्या भागात आधीच ठेवलेले होते. हिमनगाचा तळ समुद्रतळावर घासला त्याचा आवाज मिळाला. मग तो उबदार पाण्यात वाहत जाऊन फुटला त्याचाही मिळाला. फुटण्याच्या एका तासात बाहेर पडलेली ध्वनिऊर्जा काहीशे महाकाय तेलवाहू जहाजांच्या तासाभराच्या आवाजाइतकी होती. अशा हिमनगांमुळे दक्षिण गोलार्धातल्या समुद्राची एकूण आवाजपातळीच ऋतूनुसार वरखाली होते, हे त्याच गटातल्या संशोधकांनी नंतर दाखवले. आपल्या हिंदी महासागरातही कान लावलेले आहेत: अणुचाचणी बंदीवर लक्ष ठेवण्यासाठी दिएगो गार्सिया आणि ऑस्ट्रेलियाच्या केप ल्यूविनजवळ बसवलेल्या हायड्रोफोनांनी अंटार्क्टिकाच्या बर्फाचे कंप अनेकदा टिपले आहेत. स्फोट ऐकण्यासाठी ठेवलेल्या यंत्रांनी बर्फ ऐकावा, हे या शाखेत वारंवार घडते.

आता मी ज्या प्रकरणावर सर्वांत जास्त रेंगाळणार आहे, ते बुडबुड्यांचे.

हिमनदीचा बर्फ गोठलेल्या पाण्याचा नसतो. तो दाबल्या गेलेल्या हिमाचा असतो. एकावर एक थर पडत जातात, खालचे हिम घट्ट होत जाते, आणि साठ ते शंभर मीटर खोलीच्या आसपास हिमकणांमधली हवा कायमची कोंडली जाते. ही हवा त्या त्या काळाची असते. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या अशाच हवेवरून आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या वातावरणातला कार्बन डायऑक्साइड मोजता आला. वरच्या बर्फाच्या भाराने ती दाबलेली असते, कधी कधी वातावरणाच्या वीसपट दाबाने. हिमनदी समुद्राला मिळते आणि पाणी बर्फ वितळवत बुडबुड्यापर्यंत पोचते, तेव्हा मधला पातळ पडदा फुटतो आणि हवा झटक्याने पाण्यात उसळते. प्रत्येक फुटण्याचा एक टिपका आवाज. असे लाखो. पाण्याखाली ऐकले तर कढईतली मोहरी एकसारखी तडतडावी तसे वाटते, फक्त ती थांबत नाही.

या आवाजाची पट्टीही अर्थपूर्ण असते. डच खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की पाण्यातला बुडबुडा आपल्या आकारानुसार ठरावीक स्वर काढतो. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा स्वर पृष्ठभागाजवळ तीन हजार हर्ट्झच्या थोडा वर असतो. रॉबर्ट युरिक यांनी १९७१ मध्ये वितळणाऱ्या हिमनगांच्या या आवाजावर लिहिले. मग एरिन पेटिट आणि सहकाऱ्यांनी अलास्का व अंटार्क्टिकातल्या हिमनद्यांसमोरच्या फियोर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खोल खाड्यांमध्ये, हायड्रोफोन सोडले. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केले की या जागा महासागरातल्या सर्वांत गोंगाटाच्या नैसर्गिक जागांपैकी आहेत, आणि त्या गोंगाटाचा जोर एक ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आहे. मिनार्टचे सूत्र आणि हा पट्टा एकमेकांशी जुळतात. आवाज बुडबुड्यांचाच आहे याची ती साक्ष आहे.

यापुढचा शोध तर मला या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. अलास्कातल्या लकाँट हिमनदीचा पाण्याखालचा कडा डेव्हिड सदरलंड आणि सहकाऱ्यांनी सोनारने पुन्हा पुन्हा तपासला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता की काही ठिकाणी वितळण्याचा वेग सिद्धांताने सांगितलेल्या वेगाच्या शंभरपटीपर्यंत जातो. एवढा फरक कशाने पडतो याची अनेक कारणे शोधली जात आहेत. त्यातले एक मेगन वेंग्रोव्ह, पेटिट आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये पुढे ठेवले: बुडबुडेच. फुटून वर धावणारी हवा बर्फाला चिकटून असलेल्या थंड पाण्याच्या पातळ थराला घुसळते आणि बाहेरचे उबदार पाणी आत ओढते. बुडबुडे असलेला हिमनदीचा बर्फ बुडबुडे नसलेल्या बर्फापेक्षा २.२५ पट वेगाने वितळला. वितळण्याची खबर देणारा आवाज ज्या घटनेतून निघतो, ती घटना स्वतःच वितळणे वाढवते. वितळण्याच्या सिद्धांतात बुडबुड्यांची ही घुसळण धरलेलीच नव्हती.

कडा ढासळण्याचा आवाज यापेक्षा खालच्या पट्टीत असतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिण भागात हॉर्नसुंड फियोर्डमध्ये १९५७ पासून पोलंडचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या हान्स हिमनदीसमोर ऑस्कर ग्लोवात्स्की, ग्रँट डीन आणि सहकाऱ्यांनी हायड्रोफोन आणि ठरावीक अंतराने छायाचित्रे घेणारे कॅमेरे एकाच वेळी चालवले. चित्रात दिसणारी प्रत्येक पडझड आवाजाशी जुळवून पाहिल्यावर असे दिसले की वरून सुटून पडणारा तुकडा, कड्यावरून घसरत येणारा तुकडा आणि पाण्याखालून सुटून वर उसळणारा तुकडा, हे तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात. पुढची पायरी अधिक धीट होती: तुकडा पाण्यावर आदळताना त्याच्यात किती ऊर्जा होती आणि त्यातली किती आवाज झाली याचे नाते बसवून, आवाजावरून बर्फाचे वजन काढायचे. ध्रुवीय रात्रीत कॅमेरा आंधळा असतो. हायड्रोफोनला रात्र नाही.

इथे थांबून अडचणी नीट सांगायला हव्यात, कारण वाचकाने या पद्धतीवर आंधळा विश्वास ठेवू नये. तोच तुकडा मोकळ्या पाण्यात पडला तर एक आवाज करतो, तरंगत्या बर्फाच्या चुऱ्यावर पडला तर दुसरा. पाऊसही पाण्यात बुडबुडे करतो आणि त्याचा आवाज वितळण्याच्या आवाजात मिसळतो. फियोर्डभर तरंगणारे सुटे तुकडे स्वतः तडतडत असतात. त्यांचा आवाज हिमनदीच्या खाती जमा झाला तर हिशेब फसतो. वितळलेले गोडे पाणी वर थर करून राहते आणि आवाजाची वाट वाकवते. खोलीत बाहेरच्या पाण्याचाच दाब जास्त असल्यामुळे बुडबुडा तितक्या जोराने फुटत नाही, म्हणून खोल जागचे वितळणे कमी ऐकू येते. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातले हरी विष्णू आणि मंदार चित्रे यांनी डीन आणि ग्लोवात्स्की यांच्यासोबत हॉर्नसुंडमध्ये याच प्रश्नांवर काम केले आहे: आवाज कुठल्या दिशेने आणि कुठल्या खोलीतून येतो, हे एकाखाली एक टांगलेल्या हायड्रोफोनांनी वेगळे करता येते का? एवढ्या डेसिबलला एवढे टन, असे सर्व हिमनद्यांना लागू होणारे कोष्टक आज कोणाकडे नाही. प्रत्येक हिमनदीचा बर्फ वेगळा, बुडबुड्यांची दाटी वेगळी, फियोर्डचा आकार वेगळा. कोणी असे कोष्टक तयार असल्याचे सांगितले तर वाचकाने सावध व्हावे.

समुद्राचे तापमान आवाजाने मोजण्याची गोष्ट पुस्तकात स्वतंत्रपणे येते; तिचा धागा एवढाच. गरम पाण्यातून आवाज लवकर पोचतो. १९९४ मध्ये पीटर मिखालेव्हस्की आणि त्यांच्या अमेरिकन व रशियन सहकाऱ्यांनी सुमारे वीस हर्ट्झचा आवाज आर्क्टिक महासागराच्या एका बाजूकडून दुसरीकडे पाठवला. तो अपेक्षेपेक्षा लवकर पोचला, कारण बर्फाखालचा अटलांटिकमधून येणारा थर गरम झाला होता. २०१९-२० मध्ये नॉर्वेच्या हॅने सागेन आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी हाच आडवा प्रवास पुन्हा मोजला. पाव शतकाच्या अंतराने तीच वाट पुन्हा चालून पाहणे विज्ञानात फार कमी वेळा घडते.

आणि तिथे राहणारे प्राणी? ग्रीनलंडमध्ये एव्हगेनी पोदोल्स्की यांनी इनुइट शिकाऱ्यांच्या मदतीने हिमनदीसमोरच्या गोंगाटात नारव्हाल या देवमाशांचे आवाज टिपले. अलास्कातले सील पिलांना जन्म द्यायला अशाच फियोर्डांत येतात. बुडबुड्यांच्या तडतडीत शिकारी ओर्कांना त्यांचा माग लागत नसावा, असा पेटिट यांचा तर्क आहे. हिमनदी मागे हटून जमिनीवर चढली की ही तडतड बंद होते. मग त्या सीलांचे काय होईल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आपल्याकडचा दुवा वास्को-द-गामामधून जातो. गोव्यातल्या या गावी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंद इथे, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे, आणि शेजारच्या काँग्सफियोर्डमध्ये जुलै २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा सुमारे १९२ मीटर खोलीवर नांगरली गेली. ती उभी करण्यात चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काँग्सफियोर्डमधल्या पाण्याखालच्या आवाजाच्या नोंदींतून हिमनग तडकल्याच्या घटना ओळखून काढल्या. या फियोर्डमध्ये हिमनद्या समुद्राला मिळतात, अटलांटिकचे उबदार पाणी आत शिरते आणि अनेक देशांची यंत्रे शेजारी शेजारी मोजमाप करतात. आवाज, तापमान आणि क्षारता एकत्र ताडून पाहायला याहून चांगली जागा शोधावी लागेल.

पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. हायड्रोफोनची नोंद ही अखेर एक ध्वनिफाइल असते. ती संगणकावर उघडून तिचा वर्णपट काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आधी जहाजाच्या इंजिनाच्या आडव्या रेघा ओळखाव्यात, मग दाढीवाल्या सीलची खाली घसरत जाणारी लांब शीळ, मग तडकण्याची उभी, अरुंद रेघ, आणि शेवटी एक ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातली ती सलग तडतड. त्याच दिवसांचे पाण्याचे तापमान शेजारी मांडून पाहावे, आणि दोन्ही रेषा कुठे एकत्र चालतात, कुठे फारकत घेतात, ते टिपून ठेवावे. जिथे त्या फारकत घेतात तिथून कामाला सुरुवात करावी.